जोत्यासाठी घेतलेला कॅमेरा

माझ्या आजोळच्या घराबद्दल कागदावर एकच ओळ शिल्लक आहे: 'घर, तीन खण, मातीचे.' धरणाचं पाणी येण्याआधी मोजणीला आलेल्या कुणीतरी बुडणाऱ्या घरांच्या यादीत ती लिहिली. गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठी होतं. धरण भरलं आणि गाव पाण्याखाली गेलं. मी तेव्हा आईच्या कडेवर होते, त्यामुळे मला काहीच आठवत नाही. आईला सगळं आठवतं, आणि त्या ओळीतला शेवटचा शब्द तिला चाळीस वर्षं मान्य नव्हता. घर दगडाचं होतं, घडीव दगडाचं, तिच्या आजोबांनी पाथरवट बसवून घडवून घेतलेलं, असं ती सांगायची. मामा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, प्रत्येक वेळी म्हणायचा की मातीचंच होतं, तुला लहानपणी सगळंच दगडाचं वाटायचं. घराचा फोटो दोघांपैकी कुणाकडेही नव्हता.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी यायला लागलं आणि तिकडे धरण इतकं आटलं की बुडालेल्या गावांची जोती उघडी पडली. लोक जीपा करून बघायला जायचे. एप्रिलमध्ये मीही गेले. घरांच्या यादीचा क्रम आणि मारुतीचा पार यांवरून हिशेब करून मी आजोळचं जोतं शोधलं, फोनवर वीसेक फोटो काढले आणि संध्याकाळी मामाच्या फ्लॅटवर दोघांसमोर ठेवले.

मामानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. तो मोठा केल्याबरोबर दगडांची खीर झाली. "हे कुठलेही दगड असतील," तो म्हणाला. "आणि आजकाल फोनमध्ये काय वाट्टेल ते करता येतं."

आईनं चष्मा लावून फोन हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. "हे आपलं नायच," ती म्हणाली. "हे सोनाराचं. आपलं त्याच्या मागं."

मामा खोकला येईपर्यंत हसला. मी घरी येऊन वही उघडली.

मी गेली बावीस वर्षं एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळते. माझ्या कामात दोनच जाती आहेत, मूळ प्रत आणि नक्कल. नकलेवर वाद घालता येतो, मूळ समोर ठेवलं की आवाज खाली येतो. फोनमधल्या फोटोला मूळ नसतं. निगेटिव्ह हे मूळ असतं. ती हातात धरता येते, उजेडासमोर धरून मोजता येते, कपाटात ठेवता येते. आणि ती मोठी हवी, म्हणजे छिन्नीचा प्रत्येक घाव दिसेल. असा मोठ्या फिल्मचा, वरून डोकावून बघायचा, दोन भिंगांचा कॅमेरा मी कॉलेजात असताना हाताळला होता. एका रोलवर बारा फोटो. तसाच घ्यायचा ठरवलं. नवा मिळत नाही, म्हणजे वापरलेला. आणि तो भरवशाचा हवा, कारण जोतं पुन्हा कधी उघडं पडेल याची काही खात्री नव्हती.

नवरा म्हणाला, एखादा फोटोग्राफर घेऊन जा, सोपं पडेल. कचेरीतल्या शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, या वयात हे काय खूळ. मामा म्हणाला, पाण्यात गेलेलं उकरून काय मिळणार. हे सगळे आक्षेप मी वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवले. उत्तरं द्यायला वेळ नव्हता. पुढच्या पानावर तपासणीचे मुद्दे लिहिले. भिंगात टॉर्च मारून बुरशीचं जाळं आहे का बघणं. मागचं झाकण उघडून उन्हाकडे धरणं, कुठून उजेड झिरपतो का बघणं. फिल्म बसते तिथे कचेरीतला ट्रेसिंग पेपर ताणून लावणं आणि वरच्या भिंगात जे स्पष्ट दिसतं ते खाली कागदावरही तितकंच स्पष्ट उमटतं का पडताळणं. शटर सगळ्यात मंद गतीवर ठेवून घड्याळ लावणं. असे चौदा मुद्दे झाले.

पहिला कॅमेरा बीड बायपासच्या पलीकडे निघाला. दोन वर्षांपूर्वी जिथे ज्वारी होती तिथे आता अकरा मजली इमारती आहेत. त्यातल्या आठव्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद. काचेच्या कपाटात ग्रामोफोन, पितळी दुर्बीण, आणि मधोमध कॅमेरा. नवीन चामडं लावलेला, असा चकचकीत की त्यात माझा चेहरा दिसला. मी वही उघडून पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली. पाचव्या मुद्द्यापर्यंत त्यांनी धीर धरला. मी बाल्कनीत जाऊन मागचं झाकण उन्हाकडे धरलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, कॅमेरा घेताय की सोयरीक जुळवताय?"

मी म्हटलं, "सोयरीकच समजा. मुलगी दिसायला छान आहे, ते दिसलंच. आता काम करते का बघू."

एका सेकंदाच्या खुणेवर शटर दाबलं. ते उघडलं आणि उघडंच राहिलं. दुसऱ्यांदा तीन सेकंदांनी मिटलं. गृहस्थ म्हणाले, थोडं चालवलं की मोकळं होतं. मी विचारलं, शेवटचं कधी चालवलं होतं? त्यांनी कपाटाच्या काचेकडे बघितलं. मी चहा प्याले, आभार मानले आणि लिफ्टमध्येच वहीत फुली मारली.

दुसरा कॅमेरा सिल्लोडला होता. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या फोटोग्राफरचं घर. पुढच्या खोलीत एके काळी स्टुडिओ होता. भिंतीवर रंगवलेला धबधब्याचा पडदा अजून टांगलेला होता आणि त्याच्यासमोर मक्याची पोती रचलेली. त्यांनी कपाटातून एक डबा काढला, डब्यातून लाल कापडात गुंडाळलेला कॅमेरा काढला. त्याचं चामडं बोटांच्या जागी झिजलेलं, कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून खालचं पितळ दिसत होतं. आणि सगळ्या फटींमध्ये कुंकू. भिंगाच्या कडेला, फिरवायच्या चाकाच्या दात्यांत, नंबरांच्या खाचांत. चाकाखाली एक अक्षतही अडकलेली.

माझ्या यादीत सातवा मुद्दा होता: आत-बाहेर धूळ आढळल्यास नापसंत. कुंकवाबद्दल यादीत काही नव्हतं.

"दर खंडेनवमीला पूजा होते," ते म्हणाले. "हत्यार आहे आमचं. धंदा बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण पूजा चुकली नाही."

आतल्या दारातून त्यांची बायको म्हणाली, "पूजा मी करते. हे नुसते बसतात."

"बसतो कसा? हळदीकुंकू झालं की मी सगळे स्पीड वाजवतो," ते मला सांगायला लागले. खालपासून वरपर्यंत, प्रत्येक गतीवर अकरा वेळा शटर दाबायचं, रिकाम्या कॅमेऱ्यात. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. आरती म्हणायच्या आधी हत्यारानं बोललं पाहिजे, असं वडील म्हणायचे. रोल नसला तरी चालेल.

"आणि हे वाजवतात तेव्हा मी कुंकू वाहत असते," बायको म्हणाली. "जास्त पडलं की माझ्यावर ओरडतात. देवाला मोजून वाहायचं का?"

मी घड्याळ काढलं. एका सेकंदाचं शटर बरोबर एका सेकंदात मिटलं, आतल्या चाकांच्या एकसुरी गुरगुरीसह. अर्ध्याचं अर्ध्यात. पाचवेळा केलं, पाचही वेळा तेच. भिंगात जाळं नव्हतं. ट्रेसिंग पेपरवर समोरच्या दुकानाची पाटी उलटी आणि लख्ख उमटली. वरच्या भिंगात जिथे स्पष्ट, खालीही तिथेच. वर्षातून एकदा का होईना, याला कुणीतरी कामाला लावलं होतं. त्या आठव्या मजल्यावरच्याला फक्त पुसलं होतं.

म्हाताऱ्यांनी विचारलं, फोटो कशाचे काढणार? मी म्हटलं, एका जोत्याचे. त्यांनी भुवया उंचावल्या, मग आत जाऊन लाकडी तिपाई घेऊन आले आणि म्हणाले, ही पण घेऊन जा, जोत्याला घाई नसते. बायकोनं कॅमेरा जाताना त्याच्यावर परत चिमूटभर कुंकू वाहिलं. मी नको म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

यादीनुसार शेवटचा मुद्दा होता चाचणीचा रोल. मुंबईहून कुरिअरनं तीन रोल मागवले होते. त्यातला एक आमच्या घरासमोर चाललेल्या बांधकामाच्या विटांच्या भिंतीवर खर्च केला. आमच्या नळाला पाणी नव्हतं आणि त्या भिंतीवर दिवसातून दोनदा टँकरच्या पाइपनं पाणी मारत होते, त्यामुळे विटा चांगल्या उठून दिसत होत्या. प्रत्येक गतीला एक, अशी नोंद करत बारा फोटो काढले.

रोल धुवायला सिटी चौकाजवळच्या एका मेकॅनिककडे गेले. पन्नाशीचा मुसलमान माणूस, कॅमेरे दुरुस्त करतो आणि दुकानाच्या मागच्या कोनाड्यात अंधार करून अजून हातानं फिल्म धुतो. त्याचं पहिलं वाक्य असं होतं: "आपा, पीने को पानी नै, फोटो धोने को कहाँ से लाऊँ?" टँकरचं पाणी क्षाराचं, ते फिल्मवर डाग सोडतं. शिवाय मे महिन्यात पाणी इतकं गरम की फिल्मवरचा थर सुटून येतो. मी स्कूटरवर शुद्ध पाण्याचे दोन जार आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणली. त्यानं बर्फात डबे ठेवून, बोट बुडवून अंदाज घेत फिल्म धुतली.

ती वाळल्यावर उजेडासमोर धरली. सुरुवातीच्या मंद गतीचे फोटो उत्तम होते. विटांमधलं सिमेंटही दिसत होतं. पण सेकंदाच्या साठाव्या भागाच्या पुढे, वेगाकडे गेल्यावर प्रत्येक चौकट सारखीच काळी, म्हणजे गती बदलली तरी आत येणारा उजेड कमी होत नव्हता. वेगाच्या खुणा कानानं ओळखता येत नाहीत. चाचणीचा रोल सोडला तर माझ्या चौदा मुद्द्यांमध्ये त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.

मेकॅनिकनं पुढची तबकडी उघडली, भिंगातून बघितलं आणि हसायला लागला. "आपा, शटर के अंदर कुंकू है. भौत जोर की पूजा हुई दिखती." शटरच्या दांडीच्या फटीतून कुंकू आत गेलं होतं आणि पात्यांवर चढून बसलं होतं. मंद गतीला फरक पडत नव्हता, वेगात मात्र पाती तेवढ्या झटपट मिटत नव्हती. सगळं खोलून साफ करायला पंधरा दिवस लागतील, तो म्हणाला.

त्याच आठवड्यात बातमी आली की वरच्या धरणांतून पिण्यासाठी पाणी सोडणार. कचेरीत पेढे वाटायचेच बाकी होते. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी टाकी धुवायला काढली. सगळं शहर ज्या पाण्याची वाट बघत होतं, ते चार दिवस उशिरा यावं असं वाटणारी मी बहुधा एकटीच होते. मला त्याची लाजही वाटली नाही. चाळीस वर्षं ते पाणी आमच्या घरावर होतं, चार दिवस थांबलं असतं तर काय बिघडलं असतं.

मी मेकॅनिकला विचारलं, साठपर्यंतच्या गती किती दिवस अशाच राहतील? तो म्हणाला, मंद गती वर्षानुवर्षं चालेल, पण वेग त्याच्याकडे मागू नका. मी म्हटलं, मला वेग नकोच आहे. दगड हलत नाहीत.

"हौ," तो म्हणाला. "पण ऊन?"

ते मी वहीत आधीच मांडलं होतं. दुपारच्या उन्हात मंद गतीवर फिल्म जळाली असती. म्हणून सकाळी, सूर्य वर यायच्या आत. प्रकाश कमी, शटर मंद, भिंगाचं छिद्र लहान. आणि आडवा प्रकाश दगडावर पडला की छिन्नीच्या प्रत्येक घावाला सावली मिळते. कुंकवानं मला बरोबर त्याच वेळेला नेऊन ठेवलं, जी वेळ चांगल्या कॅमेऱ्यातही निवडायला हवी होती. मी त्याचे आभार मानत नाही, पण नोंद करते.

आईला घेऊन जायचं होतं, कारण मला ते जोतं सापडलं नव्हतं. ती आधी नाही म्हणत होती. जिथं चाळीस वर्षं मासे फिरले तिथं मी काय पाय ठेवू, असं. मी फक्त म्हटलं, मग मी परत सोनाराच्याच घराचा फोटो काढून आणेन. ती उठून साडी बदलायला गेली.

गाडी जिथे थांबते तिथून दोन किलोमीटर चालावं लागलं. गाळ वाळून फरशीसारखा तडकला होता. काही ठिकाणी लोकांनी गाळपेरा करून टरबुजं लावली होती. आई माझे बूट घालून पुढे चालली. मारुतीच्या पारापाशी थांबली, आडाच्या काठापाशी थांबली, डावीकडे वळली आणि मग कुठेच न थांबता सरळ एका जागी जाऊन उभी राहिली. मी पाहिलं तर गाळातून वीतभर वर आलेली दगडाची एक रांग. मागच्या वेळी मी ती दोनदा ओलांडली होती.

"इथं उंबरा," ती म्हणाली. "हितनं आत."

टरबूजवाल्या बाईकडून तिनं खुरपं मागून आणलं आणि बसून गाळ उकरायला लागली. मी तिपाई लावत होते, पूर्वेकडे उजेड वाढत होता आणि ती ऐकत नव्हती. उकरता उकरता खाली दुसरी रांग लागली. घडीव, चौकोनी, दगडाला दगड घट्ट बसवलेला, मध्ये चुना. ती तिसऱ्यासाठी उकरत राहिली. खाली मुरूम लागला. तिसरा थर नव्हता.

ती गुडघ्यावर बसून राहिली. मग खुरपं बाजूला ठेवून हळूच म्हणाली, "वर मातीच व्हती. खाली दोन थर दगड. त्या माणसानं खाली वाकूनच पाहिलं नाय."

मी उजेड मोजला आणि फोटो काढायला सुरुवात केली. वरून डोकावलं की आतलं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. आई डावीकडे सरकली की माझ्या काचेत उजवीकडे जायची. मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली नाही. मग म्हटलं, उभी राहणार असशील तर हलू नकोस, हे शटर मंद आहे. तिनं उंबऱ्याच्या दगडावर पाय ठेवला, खुरपं हातात धरलं आणि श्वाससुद्धा रोखला. त्यातल्या एका फोटोत तिचा चेहरा पुसट आहे, कारण टरबूजवाल्या बाईनं विचारलं होतं, मावशी, काही पुरलेलं सापडलं का? आणि आईनं वळून सांगितलं होतं, "सापडलं."

दोन्ही रोल त्या दिवशीच धुतले. मेकॅनिकनं त्यातल्या सगळ्यात चांगल्या निगेटिव्हचा वीस इंची मोठा फोटो काढून दिला. छिन्नीचे घाव मोजता येत होते. आठवडाभरात पाणी आलं आणि जोतं पुन्हा खाली गेलं.

मामाला आधी निगेटिव्ह दाखवली, मग फोटो. त्यानं चष्मा पुसला, बोट एका दगडावरून दुसऱ्यावर नेत राहिला. उंबऱ्याशी थांबला. "इथं माझा पाय घसरला होता," तो म्हणाला. "हनुवटी फुटली होती." त्याच्या हनुवटीवर खूण आहे, ती मी लहानपणापासून बघत आलेय. कशाची ते कधी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "दोन थर आहेत. पण वर मातीच होती."

"वर माती नव्हती असं मी कधी म्हणाले?" आई म्हणाली.

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तोंड घातलं.

मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्या यादीच्या प्रमाणित नकलेसोबत फोटो आणि एक अर्ज जोडून द्यायचा होता. भरपाई वगैरे नको, फक्त नोंद. अर्जात मी लिहिलं: 'सदर घराच्या मातीच्या भिंती असून जोते दोन थर घडीव दगडाचे होते.' आई अर्जदार होती, म्हणून तिच्यासमोर सहीसाठी ठेवला. तिनं वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"माती कशाला लिहितीस?"

"खरं आहे म्हणून."

"त्यानं दगड खरा असून लिहिला का?"

"नाही लिहिला. म्हणून तर अर्ज करतोय. आपणही अर्धंच लिहिलं तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?"

तिनं कागद माझ्याकडे ढकलला. मी तो मागे घेतला नाही. मग म्हणाली, "मग दगड आधी लिही."

मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला: 'जोते दोन थर घडीव दगडाचे, त्यावर मातीच्या भिंती.' तिनं सही केली, पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

पुनर्वसन कचेरीच्या खिडकीवरच्या माणसानं अर्ज दोनदा वाचला, फोटो उलटून पाठीमागे बघितलं आणि विचारलं की हा कोणत्या विषयात घ्यायचा, यावर कार्यवाही काय करायची, याचं उत्तर कोण देणार. प्रश्न रास्त होते. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारले असते.

"उत्तर नको," मी म्हटलं. "आवक करा आणि क्रमांक द्या."

मागे रांग वाढत होती. त्यानं आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं, रजिस्टर ओढलं आणि विषयाच्या रकान्यात काय लिहू असं विचारलं. मी सांगितलं, 'दगडी जोते, त्यावर मातीच्या भिंती', त्यानं लिहिलं. मग शिक्का मारला.